नितळ पाणी

होळीच्या तोंडावर साखर कारखान्याच्या दवाखान्याचा बोअर आटला. आधी फुसफुसला, मग त्यानं चिखल ओकला आणि मग खाली मोटार नुसतीच रडत राहिली. कारखान्याचं धुराडं तर त्या साली पेटलंच नव्हतं. ऊसच नाही तर गाळणार काय? वजनकाट्यावर शेळ्या रवंथ करत बसायच्या आणि सभासद तिकडं फिरकतही नव्हते. पण आवारातल्या दवाखान्यात, मागच्या खोलीत, रक्त धुण्याची चार यंत्रं होती. आसपासच्या गावांतली मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं त्या यंत्रांवर तगून होती, आणि त्यांत शहादेवची बायको सत्यभामा होती.

ते यंत्र काय करतं हे शहादेवला आता पाठ झालं होतं. हातातल्या फुगवलेल्या शिरेत दोन सुया खुपसायच्या. एका नळीनं रक्त बाहेर जायचं, यंत्रातल्या पाण्याशेजारून फिरायचं, अंगातली घाण त्या पाण्यात सोडायचं आणि दुसऱ्या नळीनं परत यायचं. पाण्यात डब्यातलं औषध मिसळलेलं असायचं, पण शेवटी ते पाणीच. आता बोअर आटला म्हणजे यंत्र बंद. यंत्र बंद म्हणजे सत्यभामाचं अंग फुगत जाणार, छातीत पाणी चढणार, आणि त्याच्या पुढचं घरात कुणी बोलत नव्हतं.

चेअरमननं शहादेवला बोलावून घेतलं. "तुझ्याच घरचं काम हाय, दुसऱ्याला कशाला सांगू? ट्रॅक्टर कारखान्याचा, टँकर कारखान्याचा. पानी तेवढं तू बघ."

शहादेवनं त्याच ट्रॅक्टरनं जन्मभर ऊस ओढला होता. ऊस ओढला काय अन् पाणी ओढलं काय, तो हो म्हणाला. नाही म्हणायला जागा तरी कुठं होती?

दैवाची थट्टा बघा, पाणी आणायचं काम ज्याच्याकडं त्याच्याच घरातली बाई तहानेनं जीभ चघळत बसायची. मूत्रपिंड बंद पडलेल्या माणसानं पोटभर पाणी प्यायचं नसतं. प्यायलेलं बाहेर पडायला वाट नसते. दिवसाला एक फुलपात्र, तेवढंच. सत्यभामा त्यातला शेवटचा घोट दिवेलागणीपर्यंत राखून ठेवायची आणि मग ओल्या फडक्यानं ओठ पुसून झोपायची. पण पाणी तोडलं म्हणून तिचं तोंड काही थांबलं नव्हतं. सुया टोचलेल्या हातानंही ती गप्पा हाणायची. सासूची नक्कल करायची, चेअरमनच्या चालण्याची करायची. शेजारच्या खाटेवरचे त्रिंबकआबा, मेंढरं राखून म्हातारे झालेले, तिच्या पाळीला आपली पाळी यावी म्हणून बंकटची मनधरणी करायचे. बंकट म्हणजे यंत्रं चालवणारा, चौसाळ्याकडचा, शिकून आलेला माणूस.

एकदा नवीन आलेल्या नर्सबाईनं तिला नवऱ्याचं नाव विचारलं.

"आमच्यात नाव घेत न्हाईत, बाई."

"मग मी लिहू काय?"

"लिवायचंच असंल तर ऐका," असं म्हणून सत्यभामानं सुया टोचलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला. "धरणाला न्हाई पानी, आडाला न्हाई झरा, शहादेवरावांचा टँकर आला, बायांनो घागरी भरा!"

खोली हसली. त्रिंबकआबा तर इतके हसले की यंत्र ओरडायला लागलं. "आगं पोरी, सुया निघतील माझ्या!" दारात पाइप धरून उभ्या शहादेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि लई बरंही वाटलं.

पाणी आणायचं ते धरणातून. धरण कसलं, मधोमध उरलेला एक डोह. भेगाळलेल्या गाळावरून ट्रॅक्टर आत घालायचा, पंप सोडायचा आणि वर येईल ते टँकरात घ्यायचं. वर यायचं ते सारवणासारखं. पहिल्या आठवड्यात बंकटनं बादलीत हात घालून बाहेर काढला तर बोटं मातीनं माखलेली.

"शादेवभाऊ, हे पानी हाय का काय? मशीनच्या आधी पानी गाळायची जाळी हाय, लई बारीक. ह्या गाळानं तिचा गळा दाबलाय."

चारसहा दिवसांत ती जाळी फाटलीच. नवी औरंगाबादहून यायची आणि त्याला चेअरमनची सही लागायची. चेअरमन "बघू" म्हणाले. चेअरमनच्या "बघू"त किती पावसाळे बसतात हे सभासदांना विचारावं.

"तवर साध्या गाळणीवर चालवतो," बंकट म्हणाला. "पन गाळ नगं. गाळ आला की मशीन बंद ठिवावं लागंल, मंग मी बी काय करू शकत न्हाई."

त्या रात्री शहादेवला भाकरी गोड लागली नाही. सकाळी त्याची आई रतनबाई अंगणात घागर घेऊन बसली होती. तिच्या हातात तुरटीचा खडा होता, झिजून झिजून साबणाच्या चिपटीएवढा झालेला. मनगट बुडेपर्यंत हात घालून ती तो खडा पाण्यात गरगर फिरवत होती.

"आरं, तू बी तुरटी फिरव की," ती म्हणाली. "तुज्या आज्यापासून आपून तुरटीचं पानी पितोय. कुनाला काय झालं का?"

शेळीची धार काढून होईस्तोवर घागरीतला गाळ बुडाला बसला होता आणि वर पाणी असं, की तळाशी टाकलेली सुई दिसावी.

शहादेवनं दिंद्रुडच्या बाजारातून तुरटी आणली. पण टँकरात हात घालून कोण फिरवणार? त्यानं दगडावर तुरटी कुटली, गोणपाटाच्या पिशवीत भरली आणि टँकरच्या झाकणाला सुंभानं बांधून आत लोंबती सोडली. धरणापासून दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यानं जन्मात कुणाचं भलं केलं नव्हतं, पण आता त्याचे खड्डेच कामाला आले. ट्रॅक्टर उसळायचा, पिशवी आत हेलकावे खायची, पाणी ढवळून निघायचं. दवाखान्याजवळच्या लिंबाखाली टँकर उभा करायचा, शहादेव सावलीला अंग टाकायचा, आणि तो उठेपर्यंत गाळ खाली बसलेला असायचा. वरचं पाणी तो टाकीत सोडायचा आणि तळातला रबडा लिंबाच्या मुळाशी.

बंकटनं बाटली भरून उजेडात धरली. "आयला, शादेवभाऊ! ह्यातून पेपर वाचता येईल. काय केलं?"

"तुरटी टाकली."

"मंग झ्याक. शहरात बी तुरटीच टाकतेत."

चेअरमन मुद्दाम बघायला आले आणि चारचौघांत शहादेवच्या पाठीवर थाप मारून गेले. शहादेवनं ती थाप घरी नेऊन बायकोला सांगितली. पाणी डोळ्यांना नितळ दिसत होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? फाटलेल्या जाळीची आठवण करून द्यायचं बंकटनं हळूहळू सोडलं. चेअरमनला तर ती आठवलीच नव्हती.

टँकरचा रस्ता शहादेवच्याच वाडीतून जायचा. वाडीच्या आडात तेव्हा बेडकंही उरली नव्हती. चैत्र सरता सरता एका दुपारी बायांनी रस्त्यावर घागरी आडव्या मांडल्या. पुढं त्याची सख्खी चुलती छबुबाई, कमरेवर हात ठेवून.

"शादेवा, थोडं सोड. घोटभर तर सोड."

"काकू, दवाखान्याचं हाय. मोजून लागतं. चार मशिनी हायत."

"आमची लेकरं डबक्यातलं गढूळ पानी पित्यात अन् तुज्या बायकूचं रगत नितळ पान्यानं धुतूस व्हय? आमचं काय, पानी हाय का रगतात?"

शहादेवनं ट्रॅक्टर बंद केला. तो खाली उतरला आणि एकेक घागर उचलून रस्त्याच्या कडेला ठेवू लागला. चुलतीची घागर त्यानं सगळ्यात शेवटी उचलली. याच घागरीनं लग्नात तिनं त्याला हळदीचं पाणी घातलं होतं. मागून कुणी तरी थुंकलं, ते टँकरच्या चाकावर पडलं. सत्यभामासाठी त्यानं तेही गिळलं. आपण कुणाचं जिणं ओढून नेतोय हे त्याला ठाऊक होतं, असं त्याला वाटत होतं.

पहिली गोष्ट घडली ती त्रिंबकआबांची. कोकरू हरवल्याचं सांगताना त्यांची जीभ अडली. "को... को... को..." करत राहिले. खोलीतली माणसं हसली, आबाही हसले. पुढच्या वेळी त्यांच्या हाताला झटका बसला आणि चहाचा कप छातीवर सांडला. बंकटनं त्यांना अशक्तपणा म्हणून गोळी दिली.

मग एका संध्याकाळी, दवाखान्यातून परत येताना, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेली सत्यभामा म्हणाली, "घरी गेल्यावर ते टाकते. ते... ते गोल... तव्यावर टाकत्यात ते."

"भाकरी?"

"हां. भाकरी." ती हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. शहादेवनं वेग वाढवला. दमली असेल, तो मनाशी म्हणाला.

सकाळी ती पहिल्यासारखी बोलली. पुढच्या पाळीनंतर पुन्हा शब्द हरवले, यावेळी जास्त. मग दोन दिवसांनी निम्मे परत आले आणि पुन्हा यंत्र. वैशाख लागला तशी ती खुब्यात दुखतं म्हणून उठताना भिंत धरू लागली. भाकरी थापताना हात एकदम उसळायचा आणि पीठ राखेत पडायचं. ती पीठ उचलायची, राख झटकायची, परत थापायची, परत पडायचं. एकदा तशीच चुलीपुढं बसून मुसमुसली. शहादेव दारातून बघत राहिला आणि मग तसाच ट्रॅक्टरकडं गेला.

रतनबाईची नजर बारीक. सुनेशी तिचं जन्माचं वाकडं होतं, पण घर मुकं झालेलं तिलाच आधी सोसेना.

"शादेवा, एक बोलू? जाताना ही बोलती असती, येताना मुकी. मदी खाडा पडला की जीभ सुटती. पुन्ना यंत्र, पुन्ना मुकी. ते यंत्र हिचं बोलनं वढून घेतंय."

"माय, काय बी बोलू नको! यंत्र न्हाई तर ही चार दिस जगणार न्हाई."

"मी कुटं जाऊ नगं म्हन्ते? मी दिसलं ते सांगते."

तो तिच्यावर खेकसला खरा, पण काळजात काही तरी रुतलं. दुसऱ्या दिवशी टाकीत पाणी सोडता सोडता त्यानं बंकटला विचारलं, "पान्यात तर काय नसंल?"

बंकटनं बाटली भरली, उन्हात धरली. "आरशावानी हाय. पन तुजं मन खात असंल तर अजून साफ करून आन. साफ पान्यानं कुनाचं वाईट झालंय?"

त्या दिवसापासून शहादेव एकाच्या जागी दोन पिशव्या सोडू लागला. मन लावून कुटायचा. तुरटी कुटताना उडालेली भुकटी मिशांवर बसायची, ओठाला तुरट लागायची. एवढं साफ पाणी तालुक्यात कुणाला मिळत नसेल, असं त्याला वाटायचं आणि तेवढ्यापुरता जीव निवायचा.

त्रिंबकआबा एका सकाळी अंगणात पडले. हातपाय झाडले, तोंडाला फेस आला आणि मेंढरांच्या मधोमध गेले. त्यांचा मुलगा येऊन सांगून गेला, की आता बापाची पाळी धरू नका. उन्हानं गेला, म्हणाला. त्या उन्हाळ्यात कुणाचंही मरण उन्हाच्याच नावावर लिहिलं जात होतं. खाट दुसऱ्याला मिळाली. सत्यभामानं मात्र त्या खाटेकडं पाठ करून घेतली, आणि ती भिंतीकडं तोंड करूनच पडू लागली.

नर्सबाईला वाईट वाटलं असावं. तिला बोलती करायला म्हणून ती म्हणाली, "ताई, ते नाव घ्या ना तुमचं. टँकरचं."

सत्यभामानं मान वळवली. डोक्यावरचा पदर सारखा करायला हात उचलला, तो वाटेतच उसळला. "धरणाला... धरणाला न्हाई पानी... आडाला... आडाला..." ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. झऱ्यापर्यंत पोचली, आणि पुढं नावच येईना. तिचे ओठ हलत होते. खोलीत यंत्रांची घरघर तेवढी ऐकू येत होती. शहादेव पाइप टाकून बाहेर लिंबाखाली गेला आणि गमजा तोंडात कोंबून रडला.

ज्येष्ठात, आभाळ रोज भरून यायचं आणि कोरडंच निघून जायचं, तेव्हा एका पहाटे तिला झटके आले. डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली. शहादेवनं जीप ठरवली. निघता निघता त्यानं ट्रॅक्टरची चावी शेजारच्या आश्रुबाला दिली. घरात मरणाची घाई असतानाही तो दोन पावलं परत आला.

"पिशव्या इसरू नको. दोन सोड. बाकीची मानसं मशीनवर हायत."

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात दुपारपर्यंत झटके थांबले. सत्यभामा डोळे उघडून छताकडं बघत होती. डॉक्टरीणबाई आल्या. वयानं लहान, पण घाई नसलेल्या. त्यांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, हात वर करायला लावला, बोटं मोजायला लावली. मग शहादेवकडं बोट केलं.

"ताई, हे कोण आहेत? ओळखता का?"

सत्यभामानं त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ जुळले, सुटले.

"पानी..." ती म्हणाली. "पानी आनत्यात ते."

शहादेवनं खाटेची दांडी धरली.

"कसलं पाणी?" डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं.

नाव गेलं तरी काम तरी हिच्या ध्यानात राहिलं, असं काही तरी त्याच्या मनात आलं आणि तो भडाभडा बोलू लागला. बोअर, धरण, डोह, गाळ. "पन म्या गाळाचा एक कन जाऊ दिला न्हाई, म्याडम. तुरटी टाकतो. आदी एक पिशवी टाकायचो, हिला असं व्हाया लागलं तवापासून दोन. आरशावानी पानी."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. "आणि पुढं गाळायची जाळी?"

"ती होळीलाच फाटली. चेअरमन बघू म्हनलेत."

त्या स्टुलावर बसल्या. "तिथं आणखी कुणाची बोलताना जीभ अडते? हात उडतात?"

"त्रिंबकआबांची अडायची. ते वारले."

"बसा," त्या म्हणाल्या. पण बसायला दुसरं स्टूल नव्हतं. "तुरटीत ॲल्युमिनियम असतं. प्यायलं तर बरंचसं आतड्यातच अडतं, उरलेलं चांगली मूत्रपिंडं बाहेर टाकतात, काही होत नाही. पण यंत्राच्या पाण्यातून ते सरळ रक्तात उतरतं. हिच्या अंगातून ते निघायला वाटच नाही. हाडांत बसतं. मेंदूत बसतं."

शहादेवला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी असावं असं वाटलं. आईनं घागरीत फिरवलेला खडा त्याला दिसला. चुलतीची घागर दिसली. तिला घोटभर सोडलं असतं तर त्या पाण्यानं तिचं काही बिघडलं नसतं. वाडीला जे चाललं असतं ते पाणी त्यानं वाडीच्या तोंडचं काढून नेलं होतं, आणि ते कुणाला पाजलं?

"बरी व्हईल ना ही?"

"यायला उशीर झालाय. प्रयत्न करू," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "आत्ता तिथं कुणी मशीनवर आहे का?"

शहादेवनं फोन लावला. बंकटचा आवाज खुशीत होता.

"वयनी कशा हायत? इकडची काळजी करू नको. आश्रुबानं कमालच केली बग, तू दोन सांगितल्यास, त्यानं तीन पिशव्या सोडल्या. म्हनला, शादेवच्या मागं पानी खराब नगं व्हायला. चौघं लावलीत आत्ताच."

"काढ त्यांना."

"आं?"

"काढ बे बंकट! नळ्या काढ! पानी सोडून दे समदं!"

"कावून? झालं काय?"

त्यानं सांगितलं. वॉर्डातली माणसं त्याच्याकडं बघत होती. पलीकडं फोन कुठं तरी आपटल्याचा आवाज आला. मग यंत्रांची घरघर एकेक करून बंद होताना ऐकू आली. बंकट परत फोनवर आला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"काढली. पन शादेवभाऊ, आता ह्यांना न्यायचं कुठं? आनि उद्याच्यांना?"

फोन शहादेवच्या हातात तसाच राहिला.

ऊन कलल्यावर सत्यभामानं मान वळवली. कोरडी जीभ ओठांवरून फिरवली. सगळं विसरलेल्या त्या बाईला एक शब्द मात्र अजून नीट येत होता.

"पानी."

"घोटभर द्या," नर्स जाता जाता म्हणाली.

शहादेवनं पिशवीतून तिचं फुलपात्र काढलं. कोपऱ्यातल्या नळावर जाऊन भरलं. सवयीनं खिडकीच्या उजेडात वर धरलं. पाणी नितळ होतं, एक कण नाही. तो खाटेशी आला. सत्यभामानं तोंड उघडलं आणि ती वाट बघत राहिली.

त्याचा हात काही पुढं होईना.